खाटांचं वाण

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनी वस्तीत विजयाबाईंच्या तोंडाला कोणी लागत नसे. भाजीवालीसुद्धा कोमेजलेल्या जुड्या शेजारच्या दारात खपवून मगच त्यांच्या पायरीवर टोपली उतरवायची. नवरा जयसिंहराव रिसाल्यात रिसालदार. त्यांचा घोडा गल्लीत शिरला की माणसं आपसूक भिंतीला टेकायची. मग राज्य विलीन झालं, ग्वाल्हेर-इंदूर मिळून मध्यभारत झाला, आणि मागोमाग फौजही हिंदुस्थानच्या फौजेत मिळवली. तरणे घेतले, मिशा पिकलेले घरी पाठवले. जयसिंहराव ओसरीवर खुर्ची टाकून बसले ते बसलेच. दिवसभर रिकाम्या रस्त्याकडे बघायचे. चहा झाला का, आणि कप उचला, यापलीकडे त्यांच्या तोंडून शब्द निघेना.

घर चालवायचं आलं विजयाबाईंवर. त्यांनी ते चालवलंही, पण कशावर चालवतात ते कोणाला ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं, की नव्या सरकारने दोन राजधान्या केल्या होत्या. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. दसरा उलटला की तिकडचं दप्तर पेट्यांत भरून इकडे यायचं, उन्हं तापली की परत जायचं. पेट्यांबरोबर कारकून यायचे. फायलींना मोतीमहालातल्या कचेरीत कपाटं मिळायची आणि कारकुनांना फरशी. ग्वाल्हेरची थंडी काय चीज आहे ते त्या इंदुरी माणसांना ठाऊक नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात मधुसूदन नावाचा एक हेडक्लार्क खोकत खोकत खोली विचारत दारात आला. विजयाबाईंकडे खोली नव्हती, पण येणाऱ्याजाणाऱ्या शिलेदारांसाठी राखलेल्या खाटा, गाद्या आणि जाड रजया मागच्या कोठीत धूळ खात पडल्या होत्या. त्यांनी त्याला खाट दिली, भाड्याने. तो खोकायचा थांबला आणि त्याने आपले सोबती पाठवले. हिवाळाभर खाटा बाहेर, भाडं घरात. बाईंनी उंबऱ्याबाहेर पाऊलसुद्धा टाकायचं नाही. उन्हाळा लागला की खाटा आपल्या पायांनी आल्यासारख्या परत.

पण हे सगळं चोरून. खाटा मागल्या दाराने गाडीवर चढायच्या, वर गवताचे भारे. कोणी विचारलंच तर, भाच्याकडे लग्न आहे. दर हिवाळ्यात त्या भाच्याकडे लग्न निघायचं. रिसालदारांच्या घरची अंथरुणं भाड्याने जातात हे कळलं असतं तर विजयाबाईंना छावनीत मान वर करून चालता आलं नसतं. आणि दुसरं कारण असं, जे त्या स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलत नसत: एकीला कळलं की दुसरी करणार. जास्तीच्या खाटा काय त्यांच्याच घरी होत्या?

अशातच संक्रांत आली. पुरोहितांच्या घरची सून शरयू हिने हळदीकुंकवाचं बोलावणं धाडलं, तेव्हा गल्लीत भुवया उंचावल्या. दरबारची पूजाअर्चा आटली तशी त्या घरची आवक आटली होती. आणि छावनीतल्या बायका कोणाची ऐपत विचारत नसत, वाण बघत. ज्या घरात वाटी लुटली ते घर उभं आहे, ज्या घरात नुसती फणी लुटली ते खचलं. वाण सगळ्यांना सारखं, आणि पदर पसरून घेतल्याशिवाय उठायचं नाही, हा रिवाज. शरयू काय लुटते ते बघायला विजयाबाई मुद्दाम गेल्या. खोटं कशाला बोला, कीव करायची तयारी त्यांनी घरूनच करून ठेवली होती.

शरयूने हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि रिकामं ताट घेऊन मध्ये उभी राहिली.

"यंदा वस्तू नाही," ती म्हणाली. "एक गोष्ट सुचलीये, तीच लुटते. सगळ्यांना सारखी."

आणि तिने सांगितलं. तिचा दीर गोपाळकृष्ण मोतीमहालात कामाला होता. इंदूरचे कारकून फरशीवर जुने कागद अंथरून निजतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. छावनीत तर घरटी एखादी खाट जास्तीची, कारण घरचा माणूस कधीकाळी पलटणीबरोबर बाहेर असायचा. ती खाट, एक गादी, एक रजई, एवढं हिवाळ्यापुरतं भाड्याने द्यायचं. घर सोडायला नको, कोणापुढे हात पसरायला नको. हा हिवाळा आता अर्धा सरला, पण पुढल्या दसऱ्यापर्यंत तयारी होईल. भाडं किती, गादीत कापूस किती, करार तोंडी करायचा की लिहून, तिने काही म्हणता काही हातचं राखलं नाही.

विजयाबाईंच्या तोंडातला तिळगूळ तोंडातच राहिला. आधी वाटलं, हिला कळलंय आणि ही आपल्याला चारचौघींत टोमणा मारतेय. त्यांनी तिच्या तोंडाकडे रोखून पाहिलं. टोमणा मारणाऱ्या बाईचं तोंड कसं असतं ते त्यांना आरशातून ठाऊक होतं. हे तसलं नव्हतं. पोर खरोखरच वाटत होती. बायकांनी एकेक करून पदर पसरले. विजयाबाईंची पाळी आली, आणि रिवाज तो रिवाज, त्यांनीही पदर पसरून आपलाच धंदा वाण म्हणून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारीच त्या शरयूकडे पोचल्या. ती तांदूळ निवडत होती.

"काय हो शरयूबाई, एवढी सोन्यासारखी गोष्ट, ती आपल्यापुरती ठेवायची बुद्धी झाली नाही तुम्हाला?"

"माझ्याकडे जास्तीची एकच खाट आहे, विजयाबाई."

"मग ती एक द्यायची आणि गप्प बसायचं."

शरयूने सुपातला खडा बाजूला टाकला. "आमच्या सासऱ्यांनी इतक्या जणांना मंत्र सांगितले. सांगून त्यांच्याकडचा एखादा कमी झालेला मी तरी पाहिला नाही. मला तेवढंच ठाऊक, दुसरं काही मी शिकले नाही."

"मंत्रांनी भागलं असतं तर तुमची कोठी अशी घुमली नसती," विजयाबाई म्हणाल्या आणि उठल्या. शरयूला राग आला नाही. उलट ती हसली, आणि तेच विजयाबाईंना घरी जाईपर्यंत जास्त लागलं.

तो उन्हाळा त्यांनी दातओठ खाऊन काढला. पिंजारी गल्लीत आला की पूर्वी एका दारात थांबायचा आणि पुढे जायचा. आता तो हलेच ना. आज वनमालेच्या अंगणात टण्-टण्, उद्या लीलाताईंच्या. कापसाचे पुंजके उडत विजयाबाईंच्या ओसरीवर यायचे आणि जयसिंहरावांच्या मिशांवर बसायचे. कोणी खाटेची नवार बदलली, कोणी माहेरून मोडका पलंग आणून त्याला पाय बसवले. विजयाबाईंनी सांगून पाहिलं, की इंदूरच्या माणसांच्या अंगाखांद्यावरून ढेकूण येतात. बायकांनी मनापासून ऐकून घेतलं आणि गाद्यांत वेखंड घातलं. शरयूच्या चैत्रगौरीलाही विजयाबाई गेल्या नाहीत. कैरीची डाळ शरयूने घरी पाठवून दिली. ती त्यांनी खाल्ली, पण वाटी परत करताना काही बोलल्या नाहीत.

दसऱ्यानंतर मधुसूदन आला, तो घाईत. यंदा सरकारने फर्मान काढलं होतं, की कारकुनांनी गावभर विखरून राहायचं नाही. रिसाल्याची जुनी बराक रिकामी पडली आहे, सगळे तिथे. खाटा सगळ्या एकदम, एकाच्याच जबाबदारीवर, उद्या संध्याकाळच्या आत. नाहीतर आग्र्याचा एक ठेकेदार तयारच बसला आहे. एकदा तो शिरला की सुट्या खाटा पुन्हा कोणी विचारणार नाही.

"तुमच्याकडे किती निघतील, बाईसाहेब?"

विजयाबाईंची कोठी सगळी उपसली तरी बराकीचा एक कोपरा भरला नसता. नाही म्हटलं तर घरचं होतं नव्हतं ते गेलं. हो म्हणायचं तर छावनीभर तोंड उघडायचं. त्यांनी मधुसूदनला चहा दिला, ओसरीवर रिकाम्या रस्त्याकडे बघणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि पायांत चपला सरकवल्या.

शरयूच्या दारात त्या उभ्या राहिल्या. आत गेल्या नाहीत.

"तुम्ही जे वाण दिलंत ना, ते माझ्या घरात आधीपासून होतं. तीन हिवाळे झाले माझ्या खाटा जातात. भाच्याचं लग्न वगैरे काही नव्हतं."

आता ही काय म्हणेल, याचे जेवढे वार सुचत होते तेवढे विजयाबाईंनी मनात अंगावर घेऊन झाले होते. तिच्या जागी त्या स्वतः असत्या तर त्यांनी एकही सोडला नसता.

शरयूने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "मग खाचाखोचा तुम्हाला ठाऊक असणार. बरं झालं. मला त्याचीच धास्ती होती. सांगा, काय झालंय?"

एवढंच. माणसाच्या काळजात एवढी मोकळी जागा असू शकते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

गल्लीची एक बाजू शरयूने घेतली, दुसरी त्यांनी. प्रत्येक दारात त्यांना तेच सांगावं लागलं: माझ्या जातात, तुमच्याही येऊ द्या, उद्या, बराकीत. पहिल्या दारात जीभ अडखळली. मग अडखळायची थांबली. लीलाताई तेवढ्या म्हणाल्या, "तरीच म्हणते, भाचा एक आणि सुना किती." त्यावर विजयाबाई हसल्या. त्यांना हसताना पाहून लीलाताईच घाबरल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायला लागलं तेव्हा विजयाबाई आपल्या खाटा रवाना करून नाक्यावर उभ्या होत्या. आधी वनमालेच्या घरची खाट आली, दिराच्या डोक्यावर उलटी, चारी पाय आभाळाकडे. तिच्या मागे दुसरी. मग सुंभाची, मग नवारीची, मग कोणाच्या तरी हुंड्यातला कोरीव पायांचा पलंग, चौघांनी धरलेला. मग मागल्या गल्लीतून, मग नाल्यापलीकडून, जिथे विजयाबाई बोलावायला गेल्याही नव्हत्या तिथून. बायकांच्या डोक्यांवर गाद्यांच्या वळकट्या, खांद्यांवर छिटाच्या, लाल, जांभळ्या, ठिगळांच्या रजया. कोणी ओरडत नव्हतं, कोणी हुकूम देत नव्हतं. नुसते पाय वाजत होते आणि खाटा करकरत होत्या. रस्ता दिसेनासा झाला. जिकडे बघावं तिकडे लाकडाचे पाय, जणू एखादं रान उठून चालायला लागलं होतं.

दसऱ्याचा रिसाला विजयाबाईंनी ह्याच नाक्यावरून लग्न झाल्यापासून पाहिला होता. झुली, नगारे, निशाणं. छाती भरून यायची. पण त्यामागे सरकारचा हुकूम असायचा आणि खजिना असायचा. ह्यामागे काय होतं? रिकामं ताट घेऊन उभ्या राहिलेल्या एका बाईचं बोलणं. त्यांच्या अंगावर काटा आला. खाटा येतच होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, देवळात करतात तसा.

बराकीच्या दारात गर्दी खोळंबली, कारण कोणती खाट कुठे लावायची ते कोणालाच उमजेना. तेवढ्यात मागून माणसं बाजूला झाली. जयसिंहराव आले होते. खुर्ची सोडून, काठी टेकत. ते आत शिरले, त्या लांबलचक रिकाम्या बराकीकडे त्यांनी एकवार नजर टाकली आणि काठीने जागा दाखवली.

"डोकं भिंतीकडे. मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट. ओळ मोडायची नाही."

माणसं ऐकत गेली, खाटा लागत गेल्या. आपला आवाज अजून चालतो हे त्या माणसाला तेव्हा कळलं, आणि विजयाबाईंना दाराच्या चौकटीपाशी दिसेनासं झालं. धूळ फार उडाली होती, असं त्यांनी नंतर सांगितलं.

तसे आणखी काही हिवाळे गेले. मग प्रांतांची नव्याने मांडणी झाली, मध्यभारत पुसला, आणि राजधानी भोपाळला गेली ती कायमची. कारकून गेले. खाटा सैल नवारीने घरोघर परतल्या आणि भिंतींना टेकून उभ्या राहिल्या. पिंजारी पुन्हा एका दारात थांबून पुढे जायला लागला.

त्या थंडीत जयसिंहरावांचे डोळे दाखवायला विजयाबाई गावातल्या कंपू भागात, मोठ्या इस्पितळात गेल्या. आत आजारी माणसांना पलंग होते. बाहेर लिंबाखाली त्यांची माणसं: भिंड, मुरैन्याकडची, कोणाची आई, कोणाचा भाऊ, एका चादरीत दोघं, उघड्या जमिनीवर. विजयाबाई चालता चालता थांबल्या. एका रात्रीपुरती खाट. एक रजई. रोज नवी माणसं, बारा महिने. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. हे दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांत अजून आलेलं नव्हतं.

संक्रांत जवळ आली होती. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. रोज उठल्यावर मनातल्या मनात ते उघडून बघायच्या, जुनी नथ बघावी तसं, आणि झाकून ठेवायच्या. जुनी विजयाबाई म्हणायची, गाडीवर गवताचे भारे टाकता येतील. आणि मग ते चालतं रान डोळ्यांपुढे यायचं आणि अन्न गोड लागेना.

संक्रांतीला त्यांच्या घरी बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. कंपूतल्याही आल्या होत्या, शरयू कोपऱ्यात बसली होती. हळदकुंकू झालं, तिळगूळ झाला. विजयाबाई उभ्या राहिल्या. हातात ताट, ताटात काही नाही. कोणी कुजबुजलं नाही. सगळ्याजणी पदर सावरून पुढे सरकल्या.

"नीट ऐका," त्या म्हणाल्या. "मी दोनदा सांगायची नाही."

त्यांनी सांगितलं. मागे बसलेल्या एका म्हातारीला ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.