बास म्हणेपर्यंत

पूनममामी वारली आणि तिचं कॉफीचं मशीन कारेगावात रश्मीच्या ओट्यावर आलं. अकरावीतल्या पोरीचा चार महिन्यांत त्याच्यावर असा काही हात बसला, की गल्लीत तिच्या एस्प्रेसोचं नाव झालं. "थांबवायचं कधी, कसं कळतं गं?" कुणी विचारलं की ती ऐटीत सांगायची, "धार बघायची! आधी काळी, मग मधासारखी, पिवळट पडायला लागली की बटण बंद!"

साफ खोटं. धार ती बघतच नव्हती. मामीची रीत होती, वाढणाऱ्यानं हात आखडायचा नाही, घेणाऱ्यानं 'बास' म्हणायचं. आणि रोज, अगदी नेमक्या क्षणी, रश्मीच्या मानेमागून हळूच यायचं, "बास." आवाज मामीचाच. ती बटण बंद करायची. कप उचलावा तर घोटभर कॉफी कमी.

रविवारी दुपारी महेंद्रमामा आले. शिरूरच्या एका हॉटेलवाल्याला मशीन हवं होतं.

"मामा, नेऊ नका ना! मला येतं ते."

"व्हय? मग तुझ्या मामीवानी करून दाव. न्हाई नेत. एकच चान्स हां, मॅडम!"

रश्मीनं बटण दाबलं. काळी धार उतरली, मधासारखी झाली. तिनं कान टवकारले. मागं काहीच नाही. मानेवर नुसता गार श्वास. आता थांबलं नाही तर कडू पाणी, आणि मशीन गेलंच! पहिल्यांदाच तिनं धारेवर डोळे रोखले. पिवळट झाक दिसली मात्र, खटकन बटण बंद केलं.

मामांनी घोट घेतला, डोळे मिटले. "तिच्यासारखीच," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे मशीन तुझ्याकडं." आणि कप घेऊन अंगणात गेले.

जिंकली की! तेही कुणाच्या मदतीशिवाय! रश्मीला नाचावंसं वाटलं. तेवढ्यात अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं,

"आन् मला?"

तिनं पूड भरली, दुसरा कप ठेवला, बटण दाबलं. काळी. मधासारखी. पिवळट. आता बंद करायचं, हे तिला पक्कं कळत होतं. पण घेणारी अजून बोलली नव्हती. धार पाण्यासारखी झाली, कप भरला, खालची ताटली भरली, ओट्यावरून गरम ओघळ तिच्या पावलांकडं आला. बटणाकडं हात काही धजेना. ती नुसती ऐकत उभी राहिली.