एकीलाच सांगितलेली गोष्ट

तान शुयिननं टिल्डेला कॅन्टीनच्या मागच्या दाराशी बोलावून जे सांगितलं, ते सांगायला नको होतं. पण जित्याची खोड! बारा वर्षं चीनमध्ये प्रांताच्या संघातून बॅडमिंटनची दुहेरी खेळलेली आणि सोळा वर्षं डेन्मार्कमध्ये पोरींना दुहेरी शिकवणारी बाई. डोक्यात एकदा बसलं ते बसलंच.

दुपारी दोनला मुलींच्या दुहेरीचा उपान्त्य सामना होता आणि दोन्ही जोड्या तानच्याच क्लबच्या होत्या. एकीकडे टिल्डे आणि रूना, समोर सिल्ये आणि आस्त्रिद. अंतिम सामना त्याच दिवशी पाचला, कोपनहेगनच्या तगड्या जोडीशी. तिला हरवलंच तर सिल्ये-आस्त्रिदच हरवणार, तेही पाय ताजे असले तर. तेव्हा तुम्ही दोन गेममध्ये पटकन हरा, क्लबच्या नशिबी एकदाचं विजेतेपद येऊ दे, असं तान म्हणाली. वर आणखी म्हणाली, "रूनाला सांगू नकोस. तिच्या पोटातलं सगळं तोंडावर दिसतं."

टिल्डेनं नुसतं "हं" केलं आणि गेली. तानला वाटलं, झालं काम. ती थर्मासमधलं गरम पाणी ओतून घेत बसली.

अहो, पण हे शब्द तरी तिचे कुठे होते? चीनमधल्या तिच्या संघाच्या हौ कोचनं तिला असंच बाजूला घेतलं होतं, असाच उपान्त्य सामना, समोर आपल्याच संघातली मोठी जोडी. हर, आणि लिएनहुआला सांगू नकोस, तिला खोटं खेळता येत नाही. लिएनहुआ म्हणजे तानची जोडीदारीण. एका खोलीत राहणाऱ्या, एका ताटलीत जेवणाऱ्या. त्या दिवशी तान शटल बोटभर बाहेर मारत राहिली आणि लिएनहुआ बिचारी दोघींचं कोर्ट एकटी धावत राहिली. हरल्या. हिवाळ्यात लिएनहुआला संघातून काढलं. कारण काय, तर पाय जड झाले. तानला नवी जोडीदारीण मिळाली, पदकं मिळाली, परदेशची नोकरी मिळाली. लिएनहुआ गावी जाऊन वाफवलेले पाव विकायला लागली. चोवीस वर्षं झाली, आपण हळू होतो म्हणून तानचाही सामना गेला असं ती अजून मानते. आणि ही बया चोवीस वर्षं मूग गिळून बसलेली.

दहा मिनिटांत चौघी पोरी राय धान्याच्या काळ्या पावाच्या ताटल्या घेऊन तानच्या टेबलावर येऊन बसल्या. टिल्डेनं सगळ्यांना सगळं सांगून टाकलं होतं.

तान चिडलीच. "तुला मी काय सांगितलं होतं?"

"अगं, पण ती माझी जोडीदार आहे," टिल्डे म्हणाली. "तिला न सांगता मी कोर्टवर उभी तरी कशी राहू?"

आस्त्रिद म्हणाली की फुकटचा विजय आम्हालाही नको, पाचला दमलेल्या पायांनी हरलो तरी चालेल. रूनाच्या तोंडावर मात्र खरोखरच सगळं दिसत होतं, आणि ते बघून तानला लिएनहुआचं घामानं निथळणारं तोंड आठवलं. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी मान वर करवेना इतकी. मग तिनं जे कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, ते आपल्या मोडक्यातोडक्या डॅनिशमध्ये त्या चौघींना सांगितलं.

सगळं ऐकून रूनानं एकच विचारलं. "तिला माहीत आहे?"

"नाही."

"मग आम्हाला काय सांगतेस? तिला सांग."

तिकडे संध्याकाळचे सात वाजले असणार, दुकान बंद करायची वेळ. ताननं फोन लावला. पोरींना चिनी कळत नव्हतं, पण एकही उठली नाही. लिएनहुआनं नेहमीसारखं, काय गं म्हातारे, आज कशी आठवण झाली, असं सुरू केलं. तान मध्येच बोलायला लागली आणि शेवटपर्यंत थांबली नाही.

मग लिएनहुआ हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे मी हळू नव्हते?"

"नव्हतीस. तुझ्याइतकी धावणारी मी नंतर पाहिली नाही."

लिएनहुआ रडली. मग तिनं तानच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, हौ कोचलाही सोडलं नाही, आणि ताननं ते सगळं कान उघडे ठेवून ऐकून घेतलं. तुझ्याशी बोलायचं की नाही ते उद्या ठरवते, असं ती शेवटी म्हणाली. पण फोन ठेवायच्या आधी तिनं विचारलं की आज तुझ्याकडे कोण खेळतंय. माझ्याच दोन जोड्या, आमनेसामने, असं तान म्हणाली.

"मग जा, आणि तोंड बंद ठेवून बस," लिएनहुआ म्हणाली. "खेळू दे पोरींना."

एकाच क्लबच्या जोड्या असल्या की कोचच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या ठेवतात. तान वर प्रेक्षकांत जाऊन बसली. पहिला गेम रूना-टिल्डेनं घेतला, दुसरा सिल्ये-आस्त्रिदनं, आणि तिसऱ्यात एकोणीस-एकोणीस झाले तेव्हा तान उभीच राहिली. चौघींच्या अंगावर कोरडा धागा नव्हता. आता कोण जिंकणार हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसण्याचा एवढा आनंद तिला आजवर कधी झाला नव्हता.