कुलूपबाईंनी न दिलेला पत्ता

आमच्या पोलीस कचेरीत हरवलेल्या माणसांच्या नोंदी सांभाळणाऱ्या बाईंना सगळे कुलूपबाई म्हणतात. नाव मीच ठेवलंय, आणि कौतुकानं नव्हे! पाणी प्यायला उठल्या तरी आधी स्क्रीन बंद. शेजारच्या टेबलावर मी आवक-जावक बघते, तर माझ्यापासूनसुद्धा लपवालपवी.

तर माझी भाची घर सोडून गेली. नवऱ्याशी पटत नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. ताईनं हरवल्याची तक्रार दिली आणि रडून रडून अर्धी झाली. एका दुपारी कुलूपबाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"तुमची भाची सापडली. सुखरूप आहे, एवढं घरी कळवा म्हणालीय."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "कुठे आहे?"

"ते नाही सांगता येणार. सज्ञान आहे ती. पत्ता कुणालाही देऊ नका म्हणाली."

"कुणालाही म्हणजे परक्यांना हो! मी मावशी आहे. माय मरो, मावशी जगो म्हणतात."

"म्हणू देत. तुमचा निरोप आणि नंबर तिला पोचवते. फोन करायचा की नाही, ते ती ठरवेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दगड आहात नुसत्या!" मी भर कचेरीत ओरडले. त्यांनी शांतपणे माझा नंबर लिहून घेतला, पुन्हा वाचून दाखवला. वर ताईला मी फोनवर सांगून बसले, "थांब, संध्याकाळपर्यंत पत्ता काढतेच."

संध्याकाळी ताईकडे गेले तर दार जावयानं उघडलं. ताईनंच बोलावलेलं. तिला भाबडीला वाटलं, दोघं भेटतील, बोलतील, संसार मार्गी लागेल.

"या मावशी! आणलात पत्ता?"

"देत नाहीत," मी म्हटलं.

त्याचं हसू क्षणात गेलं. "सगळ्या सामील आहात! सापडू दे एकदा. मागच्या वेळी हातावर भागलं, आता तंगडीच मोडतो."

मागच्या वेळी भाचीच्या हाताला प्लास्टर होतं. जिन्यावरून पडले, म्हणाली होती. आणि आम्ही दोघी बहिणींनी तिलाच वेंधळी म्हणून चिडवलं होतं! ताई उठली, दाराकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "चालते व्हा."

सकाळी मी कुलूपबाईंसमोर जाऊन बसले, सगळं सांगितलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही. तिनं कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नको म्हणाली, तेवढं पुरे." मग त्यांनी फोन ओढला. "ही धमकी मात्र तिच्या भागातल्या ठाण्याला आत्ताच कळायला हवी. त्याचे शब्द जसेच्या तसे सांगा."

माझ्यापासून एक ओळ लपवणारी ही बाई तिकडच्या माणसाला एकही शब्द न गाळता सगळं सांगत होती, दोनदा वदवून घेत होती. काय बाई आहे! मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

दुपारी माझा मोबाईल वाजला.

"मावशी?"

कुलूपबाईंनी आवाज ओळखला असावा. स्क्रीन बंद करून त्या बाहेर गेल्या. कुठे आहेस, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"हात बरा झाला का गं तुझा?" मी विचारलं.