खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातला डाग

"डाग पुसू नकोस," बाबा म्हणाले होते. "आहे तसा राहू दे. कंपनीचा माणूस येईपर्यंत बोटसुद्धा लावायचं नाही. कळलं?"

"हो हो, कळलं," म्हणत मी ठकूच्या तोंडातून चपलेचा बंद ओढून काढला. अकरा महिन्यांची पोर कडेवर असली की माणूस सगळ्यालाच हो म्हणतो.

बाबांनी चौतीस वर्षं बस चालवली. त्यांच्या डेपोत एक जाड वही असायची. ब्रेक कुरकुरला, दार अडकलं, काच हलली, की ड्रायव्हरने वहीत लिहायचं, वेळ घालायची, सही करायची आणि बाजूला व्हायचं. स्वतः स्क्रू पिळायला जायचं नाही. "हात लावलास की दोष तुझा." हे त्यांनी मला सायकल शिकवताना सांगितलं होतं आणि माझं लग्न ठरल्यावरही. आई आणि मी हसायचो.

निवृत्त झाल्यावर त्यांनी नवीकोरी कॅरॅव्हॅन घेतली. गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर: दोन पलंग, एवढीशी शेगडी, कपाटाएवढं न्हाणीघर. ही काही हौस नव्हती. आईची फुप्फुसं थकली होती. दोन तास बसली की तिला आडवं व्हावं लागे. आणि तिची थोरली बहीण, माझी मावशी, दोन दिवसांच्या वाटेवर अंथरुणाला खिळलेली. दोघींची अकरा वर्षांत गाठ नव्हती. फोनवर बोलण्यापेक्षा दोघींचा दम खाण्यातच जास्त वेळ जायचा. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "जायचं तर थंडी पडायच्या आत जा. पुढचं मी बोलत नाही."

"ड्रायव्हरसाहेब," आई बाबांना म्हणाली, "चौतीस वर्षं परक्यांना त्यांच्या दारात सोडलंत. आता बायकोला बहिणीच्या दारात सोडा."

"तिकीट काढावं लागेल."

"मी पासवाली आहे. तुमच्याशी लग्न केलं त्या दिवसापासूनचा पास."

आईने कॅरॅव्हॅनला पिवळे पडदे शिवले. खालच्या काठाला बाबांच्या जुन्या गणवेशांची बटणं ओळीने लावली, पडदे वाऱ्याने उडू नयेत म्हणून. त्यांच्या इमारतीत उभी करायला जागा नव्हती, म्हणून कॅरॅव्हॅन आमच्या अंगणात आली आणि तिची राखण माझ्याकडे आली. राखण करायला माझ्याइतकं योग्य माणूस नव्हतं. ठकू झाल्यापासून मी घरातल्या प्रत्येक प्लगावर, प्रत्येक कोपऱ्यावर डोळा ठेवून असते.

तिसऱ्या आठवड्यात पहिला पाऊस पडला आणि पलंगाशेजारच्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात नाण्याएवढा तपकिरी डाग दिसला. पुढच्या सरीनंतर तो तळहाताएवढा झाला. मग त्यात काळे ठिपके आले.

बाबांनी नवी वही आणली. पाऊस सुरू किती वाजता, थांबला किती वाजता, डागाची रुंदी किती बोटं. मी फोटो काढले. शोरूमवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "काका, गाडी बनवली कंपनीने, गळती कंपनीची." कंपनीला केला तर बाई म्हणाली, "सर, ताबा देण्याआधी खिडक्या डीलर तपासतो, क्लेम तिकडे टाका."

"म्हणजे पाणी आत येतंय ते नक्की कोणाच्या परवानगीने?" बाबांनी विचारलं. पलीकडे ती खुदकन हसली म्हणे. शेवटी ठरलं की दहा दिवसांनी तपासणी होईल आणि क्लेम चालू असेपर्यंत कॅरॅव्हॅन रस्त्यावर काढायची नाही. काढली तर वॉरंटी बाद.

त्या दहा दिवसांत ठकूला खोकला झाला.

दुपारी आई येऊन कॅरॅव्हॅनमध्ये पडायची, "सराव करते" म्हणायची, आणि ठकू तिच्या पायाशी रांगायची. मी एकदा भिंतीला नाक लावून बघितलं. ओल्या मोज्यांचा वास. कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले होते. बुरशीचे कण फुप्फुसात जाऊन काय करतात त्याच्या आकृत्या काढून मार्क मिळवले होते. इकडे आईची फुप्फुसं, तिकडे पोरीची. तपासणीला तीन दिवस होते. मी बादली घेतली, ब्लीच घेतलं, भिंत घासून पांढरी केली आणि दोन दिवस तिच्यासमोर छोटा हीटर लावून ठेवला.

आई पायरीवर ठकूला मांडीवर घेऊन बसली होती.

"बाबांना सांगू नकोस हं," मी म्हटलं.

"मी कशाला सांगू?" आई म्हणाली. "तू सांग हो. लवकर सांग."

मी सांगितलं नाही.

तपासणीवाला आला तेव्हा आठ दिवस पाऊस नव्हता. त्याने ओलावा मोजायचं यंत्र भिंतीला टेकवलं. हिरवा दिवा. वर टेकवलं, हिरवा. त्याने माझे फोटो बघितले, भिंत बघितली.

"फोटोतला डाग भिंतीवर नाहीये, काका. मी काय लिहू? पुसला वगैरे का कुणी?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "छे. मुलीला मी बजावून ठेवलंय. ती माझ्या शब्दाबाहेर नाही."

माझं उघडलेलं तोंड मिटलं. ठकूने माझी वेणी ओढली, मी ती सोडवू लागले.

अहवालात तीन ओळी होत्या. गळती आढळली नाही. आतल्या वाफेमुळे ओलावा. वापरातील निष्काळजीपणा. तो शेवटचा शब्द बाबांनी तीनदा वाचला. चौतीस वर्षांत त्यांच्या नावावर एकही शेरा नव्हता.

मी तेव्हा का बोलले नाही? मनाशी म्हणायचे, आता कबूल केलं तर पुरावा नष्ट केला म्हणतील, क्लेम कायमचा जाईल. खरं तर मला बाबांचा चेहरा बघायचा नव्हता.

पुढे पत्रं. फेरतपासणीचा अर्ज. "आपला क्लेम प्रक्रियेत आहे." आठवडे जात राहिले. फोनवरच्या त्या बाईला बाबांचा आवाज ओळखू येऊ लागला. "आता ती क्लेम नंबर विचारत नाही," ते आईला सांगायचे, "जेवलात का विचारते."

"मग तिलाच घेऊन जा माझ्या बहिणीकडे," आई म्हणायची.

एकदा मी म्हटलं, "बाबा, मरू दे ती वॉरंटी. तशीच नेऊ या."

"त्या भिंतीशेजारी हिला झोपवू?" त्यांनी विचारलं. पाऊस पुन्हा लागला होता, डाग पुन्हा आला होता, या वेळी मी बोट लावलं नव्हतं.

आईची पिशवी पलंगाखाली भरून तयार असायची. दर काही दिवसांनी ती उघडायची, वरचे सुती कपडे काढायची, स्वेटर ठेवायची. मग मोजे. मग शाल. मावशीसाठी घेतलेला कंगवा तेवढा तळाशी तसाच राहिला. थंडीच्या पहिल्या आठवड्यात तिला दवाखान्यात नेलं तेव्हा ती पिशवीही नेली, कारण सगळं त्यातच होतं. पाचव्या दिवशी मी पिशवी परत घेऊन आले.

आई गेल्यावर नवव्या दिवशी फेरतपासणीचा माणूस आला. वयस्कर होता. त्याने यंत्र बाहेरच काढलं नाही. चार स्क्रू काढले, खिडकीची पट्टी उचलली आणि मला हाक मारली.

"हे बघा ताई, या कोपऱ्यात फट बुजवायचं सीलंट भरलेलंच नाही. कारखान्यातच राहून गेलंय. पहिल्या वेळीच पट्टी उघडली असती तर दहा मिनिटांचं काम होतं."

सकाळी आला, आतलं कुजलेलं फळकूट बदललं, दुपारी जेवायच्या वेळेआधी गेला. क्लेम मंजूर.

बाबा कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसले होते. मी शेजारी बसले.

"बाबा, पहिल्या वेळी डाग मी पुसला होता."

त्यांनी पडद्याच्या बटणांकडे बघितलं. "गळत होतं ना पण?"

"हो."

"मग झालं तर." मग म्हणाले, "मला माहीत होतं. तो माणूस यायच्या आदल्या दिवशी कोपऱ्याला ब्लीचचा वास आला. तुझ्या आईला विचारलं तर म्हणाली, ती सांगेल, थांबा."

"मग तुम्ही त्याला छे का म्हणालात?"

"तू तोंड उघडलं होतंस," बाबा म्हणाले. "त्याच्यासमोर तुला खाली बघावं लागलं असतं."

आयुष्यात मी त्यांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. ऐकलं तेव्हा ओळखता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता अंगण रिकामं होतं. पायरी होती तिथे विटांच्या चार चौकोनी खुणा. वही दारात ठेवली होती, वर दगड. पावसाच्या नोंदींमध्ये पहिल्या तपासणीच्या तारखेसमोर, ताज्या शाईने, त्यांच्या सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'सकाळी दहा चाळीस. तपासणीवाल्याला खोटं सांगितलं. नाहीतर त्याने पट्टी उघडली असती. दोष माझा.' खाली सही.

याला आता सहा आठवडे झाले. ते मावशीकडे पोचलेले नाहीत, मावशी रोज विचारते. रविवारी फोन उचलतात, "ठीक आहे, ठकूला सांभाळ," म्हणतात आणि ठेवतात. कुठे आहात विचारलं की गाड्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो. नवरा म्हणतो, मोठं माणूस आहे, येतील. मला झोप लागत नाही, कारण पहिल्या वेळी मी वेळेत बोलले नव्हते.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या गावात बस डेपो असेल तर जाता येता त्याच्या कुंपणाच्या आसपास बघा. ते तिथेच थांबतील, त्यांना बसचा आवाज लागतो. पांढरी कॅरॅव्हॅन, पिवळे पडदे, खालच्या काठाला गणवेशाची बटणं. दार वाजवा. "बरं आहे ना?" विचारू नका, ते हो म्हणतील. जेवलात का, असं विचारा. आणि त्यांनी आत घेतलं तर पलंगाशेजारच्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात अंगठा दाबून बघा, ते त्याच बाजूला झोपतात. ओल लागली तर पुसू नका. मला कळवा, मी येते.