उघडी जागा

आमच्या इमारतीमागच्या पडीक जागेत आम्ही बायकांनी मधमाश्यांसाठी रानफुलं लावली. मधोमध थोडी जमीन मुद्दाम उघडी ठेवली, कारण काही माश्या पोळं बांधत नाहीत, मातीत बिळं करून राहतात. नवऱ्याला हे दोनदा सांगितलं होतं. पण ऐकेल तर तो नवरा कसला!

तो फरश्या बसवतो. उघडी माती दिसली की त्याचे हात शिवशिवतात. रविवारी मी बाजारातून आले, तर त्या उघड्या मातीवर चकचकीत फरशी!

"कसं वाटलं?" तो मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तोंड उघडायच्या आत माश्या परतल्या. पायांना पिवळे पराग माखलेल्या. फरशीवर उतरायच्या, सांध्यांवरून चालायच्या, पुन्हा उडायच्या.

"काय शोधतायत गं?"

"दार," मी म्हणाले.

तो फरशीपाशी खाली बसला. खालचा सिमेंटचा मसाला अजून ओला होता. एकेक फरशी त्याने उचलली, मसाला हातांनी खरवडून काढला.

आता पाहुणे आले की तो त्यांना आधी तिथेच नेतो. "माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम," म्हणतो, आणि नुसती माती दाखवतो.