चिमीचा परिच्छेद

दहावीच्या त्या वर्गात धडा वाचायची एक पद्धत होती. पहिल्या बाकापासून एकेकाने उभं राहायचं आणि एकेक परिच्छेद वाचायचा. त्यामुळे धड्यात काय आहे याच्याशी कुणालाच देणंघेणं नसे. आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येतो ते जो तो आधीच मोजून ठेवी आणि तो लांबलचक निघाला की त्याचं तोंड एवढंसं होई. दादा मात्र खुशीत दोन परिच्छेद मोजून ठेवी, एक स्वतःचा आणि एक चिमीचा.

चिमी त्याची जुळी बहीण. तो तिच्याहून काही मिनिटांनीच मोठा, पण त्या मिनिटांचा तोरा असा, की घरात त्याला दादा म्हणायची सक्ती होती. ते नाव घरातून शाळेत गेलं आणि आता खेळाचे सरसुद्धा त्याला दादाच म्हणत. चिमी बोलताना अडखळायची. घरी तिची जीभ बरी चाले, भांडणात तर विचारूच नका, पण चारचौघांत उभी राहिली की शब्द ओठांपर्यंत येऊन हटून बसत. पाचवीत ती अशीच एका शब्दापाशी अडली, वर्ग खिदळला, आणि मागच्या बाकावरून उठून दादाने तिचा परिच्छेद धडाधड वाचून टाकला. तेव्हाच्या बाईंना हायसं वाटलं. तेव्हापासून चिमीची पाळी आली की दादा उठणार, हे ठरूनच गेलं.

दुप्पट वाचून वाचून दादाचं वाचन असं काही तयार झालं, की वाचनस्पर्धेतलं बक्षीस दुसऱ्या कुणाकडे जायचं नावच घेईना. दवाखान्यातली पाळी संपवून दमून आलेली आई म्हणे, "तू आहेस म्हणून मला हिची काळजी नाही बघ," आणि दादाच्या अंगावर मूठभर मांस चढे. खरंच गुणी मुलगा होता तो. एवढंच, की या सगळ्याबद्दल चिमीला काय वाटतं, हे त्या गुणी मुलाने तिला कधी विचारलं नव्हतं. आईनेही नाही आणि शाळेनेही नाही.

त्या वर्षी भाषेला नव्या बाई आल्या. समुद्रातल्या एका दीपगृहाचा धडा चालू होता. पाळी चिमीवर आली आणि सवयीप्रमाणे दादा उठला. समोरच्या बाकावरून चिमीही उठली. दादाने एक वाक्य वाचलंसुद्धा, तेव्हा ती मागे वळून म्हणाली, "तू ब-बस खाली."

"पाळी कुणाची आहे?" बाईंनी विचारलं.

"तिचीच आहे बाई, पण ती अडखळते ना, म्हणून तिचं मीच वाचतो," दादा म्हणाला. "पाचवीपासून."

सगळा वर्ग चिमीकडे बघू लागला. इतक्या वर्षांत 'अडखळते' हा शब्द कुणी तिच्यासमोर मोठ्याने उच्चारला नव्हता, आणि उच्चारला तो सख्ख्या भावाने, तेही कौतुकाच्या अपेक्षेने. चिमीचे कान लालबुंद झाले. तेवढ्यात घंटा झाली.

"उद्या इथूनच सुरू करू," बाई पुस्तक मिटत म्हणाल्या. "जिची पाळी आहे तिच्यापासून."

संध्याकाळी ताटं पुसता पुसता चिमीचा बांध फुटला.

"कुणी सांगितलं होतं तुला बोलायला?"

"अगं, तुझ्यासाठीच वाचतो ना मी!"

"माझ्यासाठी? बाई तुला 'वा' म्हणतात म्हणून वाचतोस तू. माझ्या वाटणीचं 'वा'पण तूच खातोस."

"बरं, मग वाच! सगळे फिदीफिदी हसतील तेव्हा रडत येऊ नकोस."

"हसले तर मला हसतील. मी बघून घेईन. पण उद्या तू उठलास ना, तर जन्मात तुला दादा म्हणणार नाही."

आई दारातच उभी होती. "मला वाटायचं, तुला बरं पडतंय," ती हळूच म्हणाली.

"नाही पडत," चिमी म्हणाली आणि ताट आपटून निघून गेली.

आईने ते ताट उचलून जागेवर ठेवलं. "उद्या नुसता बसून राहा," ती दादाला म्हणाली. "जमेल?"

"बसायला काय जमायचंय?" दादा फुरंगटून म्हणाला. त्याला राग आला होता, कारण 'वा'बद्दल ती बोलली ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नुसती मान हलवली आणि चिमी उभी राहिली. पहिलं वाक्य बरं गेलं. दुसऱ्यात 'प्रकाश' आला आणि चिमी 'प'पाशी अडली. दादाच्या जिभेवर तो अख्खा शब्द तयार होता. त्याचे पाय आपोआप जमिनीला रेटा देऊ लागले. त्याने बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. बसणं इतकं अवघड असतं, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं. शेजारी बसणारा पोपट नावाचा मुलगा, जो कुणीही कुठे अडलं की शब्द पुरवायचा, त्याने तोंड उघडलंच होतं. दादाने बाकाखालून त्याला अशी लाथ हाणली, की तो शब्द त्याने गिळून टाकला.

खिडकीकडून कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्या पुस्तकात बोट ठेवून, घाई नसलेल्या माणसासारख्या उभ्या होत्या. चिमी थांबली, श्वास घेतला, पुन्हा 'प'पासून निघाली आणि 'प्रकाश' बाहेर आला. पुढे 'बंदर' अडलं, 'पहाट' अडली, 'तुफान' तर दोनदा अडलं. तिने एकही शब्द गाळला नाही की बदलला नाही. दीपगृहाचा तो म्हातारा रखवालदार वादळात एकटा दिवा सांभाळत बसतो, हे वर्गाला त्या दिवशी कळलं, कारण पहिल्यांदाच सगळे धडा ऐकत होते. दादाने तो परिच्छेद घरी चार वेळा वाचला होता. पण म्हाताऱ्याची भीती त्याला आत्ता समजली. त्याचा ऊर भरून आला. स्वतःच्या बक्षिसांनी तो कधी असा भरला नव्हता. ही माझी बहीण, असं उठून ओरडावंसं त्याला वाटत होतं, पण आज उठायची बंदी होती.

परिच्छेद संपला. "वा," बाई म्हणाल्या. चिमी मान ताठ ठेवून बसली. "पुढे?"

पुढे कुणीच उठेना.

"दादा, तुझी पाळी आहे ना?"

दादा दचकून उठला. ऐकता ऐकता कुठवर आलोय तेच त्याला कळेनासं झालं होतं. त्याने पान उलटलं, परत उलटलं. वर्गात खसखस पिकली. चिमीने मागे वळून त्याच्या पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने वाचायला तोंड उघडलं, पण पहिलाच शब्द घशात अडकला. पोपट लाथ विसरून सवयीने पुढे सरसावला.

"ए, त-त्याला वाचू दे," चिमी म्हणाली. "दादा, सावकाश."