डावा कौल

"अरे, बस की जरा! गालिचा झिजला त्या येरझाऱ्यांनी," मी म्हणाले, पण माझा नवरा गिरीश काही बसला नाही. खिडकीपासून फ्रीजपर्यंत आणि फ्रीजपासून खिडकीपर्यंत त्याचं चालूच होतं. फोनवर त्याचा चुलतभाऊ दत्ताराम होता, थेट संगमेश्वराकडच्या आमच्या गावातून. हॉलभर उघड्या बॅगा पसरल्या होत्या, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हाला दोह्याहून अथेन्सचं विमान पकडायचं होतं.

"हो, हो. देवीलाच विचारा तुम्ही," गिरीश फोनवर म्हणाला. "ती बोलेल ते कबूल मला. उजवा दिलान तर येतो मी गावाला. खलास."

फोन ठेवल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. सोफ्यावर बसलेल्या माझ्या सासऱ्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मोज्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

मी पुण्याची. गुरवाच्या घरात सून म्हणून गेले तेव्हा कौल म्हणजे छपरावरचं एवढंच मला ठाऊक होतं. सासरी कळलं की कौल देवाकडेही मागतात. आमच्या गावची देवी वाघजाई डोंगरावर राहते, चांगला दम काढणारा चढ आहे. गुरवांची दोन घरं, एक आमचं आणि एक दत्तारामचं. एक वर्ष पूजेची पाळी आमची, एक वर्ष त्यांची. मुलीचं लग्न ठरेना, मुंबईतली नोकरी सोडू का, विहीर कुठे खणू, असलं काही अडलं की माणसं डोंगर चढून देवीकडे येतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे श्वास रोखून उभे राहतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

हे काम माझ्या सासऱ्यांनी उभा जन्म केलं. देवीनं दिलेला कौल त्यांनी कधी कुणासाठी फिरवून सांगितला नाही. सरपंचाला डावा आला तर डावाच सांगितला आणि वर्षभर त्याचा राग सोसला. बाकी त्यांच्या आयुष्यात सांगण्याजोगं काही नाही. गावात त्यांना सगळे गोविंदाबुवा म्हणतात. इथे खालच्या मजल्यावरचे नाशिकचे इंजिनियर त्यांना "काय गोविंदराव" म्हणून हाक मारायचे, तेव्हा बाबा मागे वळून बघायचे, की आणखी कोण आलं?

सासूबाई मागच्या वर्षी गेल्या आणि बाबांचे गुडघे बसले. पुढच्या वर्षीची पाळी आमची. गावच्या मानकऱ्यांनी निरोप दिला होता की गिरीश येऊन पाळी धरणार असेल तर ठीक, नाहीतर आमच्या घराची पाळी कायमची दत्तारामकडे जाईल. बाबा दोह्याला आले ते हा निरोप घेऊन. पण आल्यापासून त्यांनी गिरीशला एकदाही 'चल' म्हटलं नाही. "तुज्या मनाला येल तसं कर," एवढंच. त्या एवढ्याशा वाक्यानं नवऱ्याची झोप उडवली. गिरीश इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपात चिलरच्या कामावर सुपरवायझर आहे. दिवसभर पन्नास माणसांवर ओरडणारा हा गडी बापासमोर ना हो म्हणू शके, ना नाही. शेवटी त्यानं देवीच्याच गळ्यात घोंगडं टाकलं.

मला डावा कौल हवा होता. उगाच साळसूदपणा कशाला? मी इथे अल दुहैलच्या शाळेत गणित शिकवते. राहता फ्लॅट शाळेचा. आमची मुलगी नुपूर नववीत आहे, तिला मराठी कळतं आणि उत्तर इंग्रजीतून येतं. ती कुठे जाणार त्या डोंगरावर? ग्रीसचं खूळही तिचंच. शाळेत तो इतिहास होता आणि तिला ती देवळं बघायचीच होती. बाबांचा व्हिसा मुंबईहूनच काढून आणला होता. गावात कौल लावायचा दिवस ठरला तो नेमका आमच्या सहलीतला, पण मानकऱ्यांना काय सांगणार की आम्ही पडकी देवळं बघायला चाललोय, दिवस बदला?

अथेन्समध्ये गिरीशनं एक दगड धड पाहिला नाही. नुपूर खांब दाखवायची आणि हा फोन बघायचा. जेवणाच्या टेबलावरून दोनदा उठायचा. हॉटेलच्या खोलीत दिवा लावायचा, विझवायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "कौल लागायचाय परवा. तोवर माणसासारखा वाग."

"तुला काय जातंय बोलायला?" तो म्हणाला. तेही खरंच.

कौलाच्या दिवशी सकाळी आम्ही डेल्फीला पोचलो. उंच करडे कडे, त्यांच्या कुशीत ते देऊळ, खाली दरीभर ऑलिव्हची झाडं. वळणावळणाची दगडी वाट चढावी लागते. मला वाटलं होतं, बाबांना खालीच बसवावं लागेल, पण ते काठी टेकत हळूहळू चढत राहिले. "आमची आईपन अशीच बसलीय," ते मला म्हणाले. "देवांना डोंगरच लागतो बघ."

वर अपोलोच्या देवळाचे पाच-सहा खांब उभे आहेत, बाकी नुसता चौथरा. आमच्या गाइडबाईंनी सांगितलं की इथे एक बाई बसायची आणि लांबलांबून लोक प्रश्न घेऊन यायचे. लढाई करू का, मूल होईल का. ती देवाच्या वतीनं उत्तर द्यायची. नुपूरनं ते आजोबांना आपल्या मोडक्या मराठीत समजावलं.

बाबा एकदम थांबले. "म्हंजे कौलाचं ठिकान हाय ह्ये?"

"यस, आजोबा! एक्झॅक्टली."

"मग आता कौल कोन लावतो?"

"नोबडी. खूप वर्षं झाली. लाइक, सिक्स्टीन हंड्रेड इयर्स."

"आनि गुरवांची घरं कुठली?"

नुपूरनं गाइडबाईंना विचारलं. त्या हसल्या, मान हलवली. त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नसावा. बाबा चौथऱ्याच्या दोरीशी उभे राहिले. आत गवत उगवलं होतं, पिवळी रानफुलं होती. "डोंगर हाय तसाच ऱ्हायला म्हनायचा," ते म्हणाले आणि खांबांना हात जोडले.

तेवढ्यात शिट्टी वाजली. रेंज मिळावी म्हणून गिरीश दोरी ओलांडून एका पुरातन दगडावर चढला होता आणि रखवालदारीण त्याच्यावर खेकसत होती. तो "सॉरी, सॉरी" करत उतरला, पण रेंज मिळाली होती. "लागला, लागला! यल्ला, इकडे या," असं म्हणत तो आम्हाला वरच्या एका झाडाखाली घेऊन गेला. दोह्यात न लागणारा व्हॉट्सॲपचा व्हिडिओ इथे लागला होता.

पडद्यावर दत्तारामचं कपाळ दिसलं, मग गाभारा. ढोल, घंटा, माणसांचा गलबला. कोणीतरी गाऱ्हाणं घालत होतं आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणत होते. गाऱ्हाण्यात गिरीशचं नाव ऐकू आलं. मग आवाज तुटायला लागला आणि अगदी बंदच झाला. चित्र मात्र राहिलं. काळ्या पाषाणाची वाघजाई, चांदीचे डोळे, आणि दोन खांद्यांवर दोन पांढऱ्या कळ्या. पडदा स्थिर राहावा म्हणून बाबांनी गिरीशचं मनगट धरलं. आम्ही चौघं त्या वीतभर पडद्यावर डोकी आणून उभे होतो.

एक कळी घसरली, आणि पडली.

"डावी," गिरीश म्हणाला. मग मोठ्यानं, "डावी पडली! डावा दिलान, बाबा, ना? डावाच ना?"

चित्र गोठलं, फोन बंद झाला.

बाबा गिरीशच्या तोंडाकडे बघत होते. मीही पाहिलं. कित्येक महिन्यांत असा चेहरा मी पाहिला नव्हता. मोकळा, लहान पोरासारखा, आणि त्यातच डोळे भरलेले.

"व्हय," बाबा म्हणाले. "डावा."

गिरीशनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मला इतकं हायसं वाटलं की मी नुपूरला उगाचच कवटाळलं. "मम्मा, स्टॉप," ती म्हणाली. बाबा काठी टेकत उतरायला लागले होते. वर अजून प्रेक्षागृह होतं, धावण्याचं मैदान होतं, ते बघायचं राहिलं. गुडघे दुखतायत, म्हणाले.

दोह्याला परतल्यावरची गोष्ट. शुक्रवार होता. दुपारचं जेवण झालं आणि गिरीश सोफ्यावर टेकला तो तिथेच झोपला. शुक्रवारच्या सुट्टीतही ज्याला स्वस्थ बसता येत नाही, तो माणूस तोंड उघडं टाकून घोरत होता. मी एसी जरा कमी केला, पडदे ओढले. बाबा आंघोळीला गेले होते. ओट्यावर चार्जिंगला लावलेला त्यांचा फोन वाजला. गिरीश उठेल म्हणून मी पटकन उचलला.

"काका, तिकीट काडलान काय गिरीशदादानं?" दत्ताराम होता.

"मी नमिता. कसलं तिकीट, भाऊजी?"

"काय वैनी, आता पाळी धरायला यायचं ना त्येला! सगळा गाव खूश हाय. आईनं चटकन उजवा दिलान."

"उजवा? आम्ही पाहिलं ना व्हिडिओवर. डावी कळी पडली."

तो मोठ्यानं हसला. "तुमच्या डाव्या अंगाला पडली, वैनी. आईचं तोंड आपल्याकडं हाय. तिचा उजवा तो आपला डावा. काकांनी सांगितलं न्हाय काय? त्यांनी तर त्याच रात्री फोन करून बजावलान, दादाला कोनी फोन करू नका, मीच बोलतो."

मी फोन कानाला तसाच धरून वळले. मागे बाबा उभे होते, ओल्या केसांनी, खांद्यावर पंचा. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"दत्ताराम, ऐक," ते हळू आवाजात म्हणाले. "पाळी तुमच्याच घरात घे. कायमची. मानकऱ्यांना सांग, गोविंदानं सांगितलान म्हनून. न्हाय, तो यायचा न्हाय. आईनं उजवा दिलान, त्ये मला म्हाईत हाय. जो काय दोष लागायचा तो माज्या माथी. मी आलो की आईला गाऱ्हानं घालीन. आनि गिरीशला ह्यातलं कायपन बोलायचं न्हाय. घरातल्या कुनी बोलायचं न्हाय. बरं, ठेवतो."

फोन त्यांनी पुन्हा चार्जिंगला लावला, नीट, वायर सरळ करून.

"तुम्हाला तिथेच कळलं होतं?" मी विचारलं.

"जलम गेला तिच्यासमोर, नमिता. मला न्हाय कळनार?"

"मग गिरीशला का नाही सांगितलं? तो आला असता. त्यानं शब्द दिला होता."

"आला असता," बाबा म्हणाले. "म्हनून तर न्हाय सांगितलं."

ते स्टुलावर बसले. हॉलमधून घोरण्याचा आवाज येत होता. तिकडे मान करून म्हणाले, "लहान व्हता तवा माज्या मांडीवर बसून कळ्या लावायचा. येकदापन चुकला न्हाय. आईचा उजवा कुठला, त्ये गुरवाच्या पोराला सांगावं लागत न्हाय, पोरी. आता इसरला त्यो. इसरला म्हंजे गेलाच त्यो तिथनं. मग अंगानं नेऊन काय करू?"

त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. मला आनंद झाला होता. इथेच राहायचं, नुपूरची शाळा, माझी नोकरी, सगळं जागच्या जागी. आणि त्या आनंदाची मला इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे बघवेना. ज्या माणसानं सरपंचासाठी कौल फिरवला नाही, त्यानं आमच्यासाठी फिरवला होता. "चहा टाकू?" मी विचारलं.

"टाक," ते म्हणाले आणि उठले.

आमच्याकडे देव स्वयंपाकघरातल्या कपाटात आहेत. बाबांनी कपाटाचं दार उघडलं. आत वाघजाईचा फोटो आहे. तिच्यासमोर ते हात जोडून उभे राहिले. गाऱ्हाणं नाही, मंत्र नाही. मग त्यांनी स्वतःच्या गालांवर मारून घेतलं, आधी एका, मग दुसऱ्या, पण अगदी हळू, बोटं नुसती टेकवल्यासारखी, हॉलमध्ये झोपलेला मुलगा जागा होऊ नये म्हणून.